बाटलीतले पाणी काळे का झाले? वाडीच्या विहिरींचा आम्ही केलेला अभ्यास



आम्ही मालवण तालुक्यातल्या एका महाविद्यालयात विज्ञान शाखेत शिकणारे पाच जण. आमच्यातले तिघे बौद्धवाडीत वाढलेले. गेल्या पावसाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामाचा भाग म्हणून आम्ही एका बौद्धवाडीच्या पिण्याच्या पाण्याचा अभ्यास केला. तो अनुभव इथे लिहीत आहोत. वाडीचे नाव मुद्दाम दिलेले नाही. किनारपट्टीवरच्या पुष्कळ वाड्यांना हे लागू पडेल. वाचून आपल्या विहिरीचे पाणी कसे तपासावे ते कळावे, आणि उद्या कोणी विद्यार्थी फॉर्म घेऊन दारात आले तर त्यांच्याकडून काय मागावे हेही कळावे, एवढा या लेखाचा हेतू आहे.

हे काम काय असते

राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे आपण ज्याला एनएसएस म्हणतो, ती २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजाचे काम करायचे आणि सात दिवसांच्या निवासी शिबिरात राहायचे, अशी तिची रचना आहे. नव्या शैक्षणिक धोरणात समाजात जाऊन केलेले काम पदवीच्या अभ्यासक्रमातही धरले जाते. म्हणजे पुढच्या काळात विद्यार्थी वाड्यावस्त्यांवर जास्त येणार.

हे चांगलेच आहे. पण या कामात एक धोका असतो. विद्यार्थी येतात, प्रश्न विचारतात, फोटो काढतात, वहीत अहवाल लिहितात. त्यांना गुण मिळतात. ज्यांच्या घरातली माहिती नेली, त्यांना मात्र काहीच कळत नाही. आमच्या घरीही असे फॉर्म भरून नेलेले आहेत. त्यामुळे या वेळी आम्ही आधीच ठरवले, की जे निघेल ते वाडीसमोर मांडल्याशिवाय महाविद्यालयात अहवाल द्यायचा नाही.

प्रश्न बायकांनी दिला

आमच्या यादीत तीन विषय होते: प्लास्टिक, व्यसनमुक्ती आणि पाणी. विहारात बायकांची बैठक घेतली आणि तिन्ही विषय पुढे ठेवले. एका काकीने लगेच विचारले, "पावस सुरू झालो की पोरांची पोटा बिघडतत. दरवर्साक. असा कित्याक होता, ता आधी सांगा." बाकीच्यांनीही तेच धरले. कोणी म्हणाले हवा बदलते म्हणून, कोणी म्हणाले नवे पाणी लागते म्हणून. विषय ठरला.

प्रश्न वाडीचा असला की कामाचा नूर बदलतो. मग घरोघरी जाऊन उत्तरे गोळा करावी लागत नाहीत, लोक स्वतः येऊन सांगतात. कुठल्या घरात केव्हा कोण आजारी होते, ते घर कुठले पाणी भरते, हे सगळे आम्हाला दोन दिवसांत मिळाले.

आधी नकाशा

विहाराच्या पडवीत खडूने वाडीचा नकाशा काढला. घरे, विहिरी, शौचालये, त्यांचे शोषखड्डे, गुरांचे गोठे, कपडे धुण्याच्या जागा. मग वयस्कर बायकांना विचारले, की मोठा पाऊस पडला की पाणी कुठून कुठे वाहते? एका आजीने हाताने रेघ ओढून दाखवली. ती रेघ दोन शोषखड्ड्यांवरून आणि एका गोठ्याजवळून थेट वाडीच्या खालच्या विहिरीकडे गेली. उताराची ही माहिती आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती.

असा नकाशा आजार शोधायला कसा उपयोगी पडतो, याचे जगातले गाजलेले उदाहरण लंडनचे आहे. १८५४ साली तिथल्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, मोठी साथ आली. त्या काळी लोक समजत, की आजार घाणेरड्या हवेने होतो. डॉ. जॉन स्नो यांनी कोणत्या घरात मृत्यू झाले ते नोंदवले आणि ती घरे एका सार्वजनिक पंपाचे पाणी पितात हे दाखवले. ८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढला गेला. पण उरलेला दुवा सापडला तो वस्तीतल्याच माणसामुळे. हेन्री व्हाइटहेड नावाच्या तिथल्या धर्मोपदेशकाला स्नोंचे म्हणणे आधी पटले नव्हते. ते खोडून काढायला तो घरोघरी फिरला आणि फिरता फिरता त्याला कळले, की पंपाजवळच्या एका घरात तान्हे मूल जुलाबाने आजारी होते आणि त्याचे कपडे धुतलेले पाणी घरालगतच्या मैल्याच्या खड्ड्यात टाकले जात होते. तो खड्डा फुटका होता आणि पंपाची विहीर अवघ्या काही फुटांवर होती.

डॉक्टरकडे शास्त्र होते आणि व्हाइटहेडकडे वस्तीची ओळख होती. दोन्ही एकत्र आल्यावर कारण हाती लागले.

आपल्या जमिनीची गोष्ट

सिंधुदुर्ग जिल्हा स्वच्छतेत पुढे आहे. २०१६ साली ग्रामीण भागाच्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात सपाट प्रदेशातल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग पहिला आला. घरोघरी शौचालये झाली. आयाबहिणींची अंधारात बाहेर जाण्यातून सुटका झाली. ही मोठीच गोष्ट आहे आणि शौचालय वापरणे कोणत्याही कारणाने थांबवायचे नाही. मात्र शौचालय बांधले की पुढचा प्रश्न विचारावाच लागतो: त्याचा खड्डा कुठे आहे आणि त्यातले पाणी कुठे जाते?

आपल्याकडची जमीन जांभ्याची. जांभा दगड वरून टणक दिसतो, पण आतून त्याला भोके आणि पोकळ्या असतात. चिऱ्यावर तांब्याभर पाणी ओतून बघा, कसे जिरते ते. मातीतून पाणी हळूहळू झिरपते आणि त्या वाटेत बरेचसे जंतू अडतात, मरतात. जांभ्याच्या भेगांतून ते सरळ पळते, म्हणून जंतूही त्याच्याबरोबर लांबवर जातात. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर, म्हणजे साधारण ५० फूट दूर असावा असे सांगितले जाते. जांभ्यात हे अंतरही कधी कमी पडते. समुद्रालगतच्या वाळूच्या पुळणीतही पाणी लवकर झिरपते. त्यात आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. जमीन पाण्याने भरली की खड्ड्यातले पाणी आणि विहिरीतले पाणी जवळ येते.

मोठी अडचण जागेची आहे. बौद्धवाडीला गावात जागा मिळाली ती बहुतेक ठिकाणी कडेची, उताराची, चिंचोळी. घराला घर लागून. अशा वाडीत ५० फुटांचे अंतर आणायचे कुठून? वाडीतले लोक अस्वच्छ राहतात म्हणून तिथली विहीर बाधते, असे कोणी म्हणत असेल तर त्याने आधी वाडीची जागा मोजून बघावी.

बाटलीची तपासणी

पाणी दिसायला स्वच्छ असले तरी त्यात जंतू असू शकतात. ते ओळखायची एक सोपी रीत भारतातच तयार झाली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी ती १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत मांडली. तिला एच-टू-एस बाटली म्हणतात. माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यात राहणारे बरेचसे जंतू हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सोडतात. बाटलीत या जंतूंचे खाद्य आणि लोहाचा क्षार घातलेला असतो. वायू लोहाला मिळाला की काळा रंग तयार होतो. पाणी काळे झाले, की त्यात मैल्यातले जंतू असण्याची दाट शक्यता.

तपासणीची पद्धत अशी:

१. साबणाने हात स्वच्छ धुवा. बाटलीच्या आतल्या भागाला किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका.

२. विहिरीत नुकतेच टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकले असेल तर त्या दिवशी तपासू नका. जंतू आहेत की नाहीत ते कळणार नाही.

३. बाटलीवरच्या खुणेपर्यंत पाणी भरा, झाकण घट्ट लावा, हलवा. बाटलीवर जागा, तारीख आणि वेळ लिहा.

४. घरात सावलीत, उबदार जागी ठेवा. २४ तासांनी आणि ४८ तासांनी बघा.

५. सोबत एक बाटली उकळून गार केलेल्या पाण्याची भरा. ती काळी झाली तर तपासणीतच काही बिघडले असे समजा. विज्ञानात अशी तुलना नसेल तर निकालाला अर्थ राहत नाही.

६. काळ्या झालेल्या बाटलीत जंतू वाढलेले असतात. ती मुलांपासून लांब ठेवा. नंतर त्यात ब्लीचिंग पावडरचे दाट पाणी ओतून काही तास ठेवा आणि शौचालयात रिकामी करा. ती बाटली पुन्हा कशालाही वापरू नका.

या तपासणीला मर्यादाही आहेत. काळा रंग क्वचित मातीतल्या जंतूंमुळेही येतो. पाण्यातले क्षार, खारेपणा, औषधफवारणीचे अंश बाटलीला कळत नाहीत. म्हणून बाटली काळी झाली की पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा मैल्यातला जंतू एकही आढळता कामा नये.

"आमचा पाणी बाटलला म्हणतास?"

आम्ही पाच बाटल्या भरल्या. वाडीची खालची विहीर, वाडीच्या वरच्या अंगाची विहीर, गावाच्या मधोमध असलेली विहीर, एका घरातला माठ आणि उकळून गार केलेले पाणी. बाटल्या विहारात बायकांसमोर भरल्या आणि तिथेच ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी खालच्या विहिरीची बाटली काळी झाली. आम्ही सांगितले, की या विहिरीचे पाणी दूषित आहे. तेव्हा ज्या आजीने पाण्याची रेघ ओढून दाखवली होती, तीच उठून उभी राहिली. "आमचा पाणी बाटलला म्हणतास? माझी सासू ह्याच पाणी पिऊन नव्वद वर्सा जगली. आमच्या हातचा पाणी बाटता असा लोक म्हणत, आता आमचीच पोरा म्हणूक लागली."

विहारात कोणी बोलेना. आजीच्या बोलण्यात राग होता तसे दुःखही होते, आणि त्यामागे तिच्या आयुष्याचा अनुभव होता. तिच्या लहानपणी गावाच्या विहिरीवर कळशी लावता येत नव्हती. वरून कोणी ओतले तर पाणी मिळे. वाडीची ही खालची विहीर वाडीतल्या माणसांनी स्वतः खणलेली आहे. 'दूषित' हा आमच्यासाठी पाठ्यपुस्तकातला शब्द. तिच्या कानाला तो 'बाटलेले' असाच ऐकू आला.

आमच्यातल्या एकीने आजीशेजारी बसून सांगितले, "आजी, उद्यापर्यंत थांब. बाकीच्या बाटल्या काय सांगतत ता बघूया." तिसऱ्या दिवशी गावाच्या मधल्या विहिरीची बाटलीही काळी झाली. आजीने ती हातात घेऊन उजेडात धरून पाहिली. म्हणाली, "म्हणजे त्यांच्याय बावीत आसा."

होय, त्यांच्याही विहिरीत होते. जंतू जात बघत नाहीत. शोषखड्डा जिथे जवळ, गोठा जिथे वरच्या अंगाला, तिथली विहीर बाधते, मग ती कोणाचीही असो.

महाडचा इतिहास आपल्याला पाठ आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले. नंतर सनातन्यांनी तळे 'शुद्ध' करायचे म्हणून दूध, दही, शेण आणि गोमूत्राच्या १०८ घागरी मंत्र म्हणत त्यात बुडवल्या. तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात कायम व्हायला १७ मार्च १९३७ उजाडले. हा इतिहास आपण हक्काचा म्हणून सांगतो. आरोग्याच्या बाजूनेही तो तपासून बघण्यासारखा आहे. माणसाच्या स्पर्शाने पाण्यात काही बिघडत नाही. शेणात मात्र आतड्यातले जंतू असतातच. त्या दिवशी तळ्यातल्या पाण्याची बाटली भरली असती, तर 'शुद्ध' केलेल्या पाण्याची बाटली काळी झाली असती.

'बाटणे' आणि 'दूषित होणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली माणसाने माणसाला कमी लेखण्यासाठी रचली. दुसरी बाटलीत दिसते, मोजता येते आणि दुरुस्त करता येते. आजीच्या बोलण्यानंतर आम्ही वाडीत 'दूषित' हा शब्द वापरणे सोडले. "या विहिरीत खड्ड्याचे पाणी झिरपते" असे सांगू लागलो. कारण आणि उपाय दोन्ही त्यात येतात, आणि कोणाला खाली बघावे लागत नाही.

माठातले पाणी

उरलेल्या बाटल्यांनी अजून एक धडा दिला. वरच्या विहिरीची बाटली ४८ तासांनंतरही काळी झाली नाही. उकळलेल्या पाण्याचीही नाही. माठातले पाणी वरच्याच विहिरीचे होते, तरी ती बाटली काळी झाली. म्हणजे विहीर चांगली असूनही पाणी घरी येईपर्यंत किंवा घरात आल्यावर बिघडले. कळशी आतून घासलेली नसते, माठात हात घालून पेला बुडवला जातो, लहान मुले खेळून आल्यावर तोच पेला बुडवतात. हे घरातल्या घरात, पैसा न खर्चता सुधारता येते.

मग सगळ्यांनी वरच्याच विहिरीचे पाणी प्यावे, असे सांगून मोकळे होता आले नाही. एप्रिल-मे महिन्यांत वरची विहीर आटते. तेव्हा खालच्या विहिरीशिवाय वाडीला पर्याय नाही. ती बंद करणे हा उपाय नव्हता. ती सुधारणे आणि तोवर तिचे पाणी जंतुमुक्त करून वापरणे हाच होता.

निकाल वाडीच्या हाती

वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालते. त्यासाठी सगळे जमतात. एका संध्याकाळी वाचन झाल्यावर आम्ही पाचही बाटल्या मांडल्या. निकाल आम्ही सांगितला नाही. पाचवी-सहावीतल्या मुलींनी बाटलीवरचे नाव वाचले आणि रंग सांगितला. बायकांनी नकाशाशी ताडून कारणे सांगितली. एका मोठ्या कागदावर विहिरीचे नाव, तपासणीची तारीख, निकाल आणि पुढे काय करायचे, असे चार रकाने लिहून तो विहाराच्या भिंतीवर लावला. अहवाल महाविद्यालयात त्यानंतर गेला.

बायकांनी ग्रामपंचायतीला अर्ज दिला. खालच्या विहिरीचा नमुना प्रयोगशाळेत गेला आणि तिथूनही पाणी पिण्यास अयोग्य असा अहवाल आला. टीसीएल नियमित पडू लागले. विहिरीचा कठडा आणि ओटा दुरुस्त झाला, सांडपाणी लांब नेणारी चर खणली गेली. दोन शोषखड्ड्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. जागा नाही. तो विषय बायकांनी ग्रामसभेच्या आधीच्या महिला सभेत नोंदवून घेतला आहे आणि त्याच्यामागे त्या आहेत.

टीसीएल किती आणि कसे

विहिरीत टीसीएल टाकणे हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे काम. पण हिशेब आपल्यालाही यावा. साधारणपणे १,००० लिटर पाण्याला चांगल्या प्रतीचे (३३ टक्के क्लोरीन असलेले) ५ ग्रॅम टीसीएल लागते.

गोल विहिरीतले पाणी काढण्याची रीत: व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचे अर्धे करा. त्या आकड्याला त्यानेच गुणा, मग ३.१४ ने गुणा, मग पाण्याच्या उंचीने गुणा. आलेल्या आकड्याला १,००० ने गुणले की लिटर मिळतात. उदाहरणार्थ, व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर १.५ × १.५ × ३.१४ × ४ = सुमारे २८. म्हणजे २८ हजार लिटर. त्याला २८ × ५ = १४० ग्रॅम टीसीएल. हा हिशेब वाडीतल्या आठवीच्या मुलाने खडूने भिंतीवर करून दाखवला.

पावडर थेट विहिरीत फेकायची नसते. बादलीत पाणी घालून कालवायची, दहा मिनिटे निवळू द्यायची. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीच्या पाण्यात बुडवून वरखाली हलवायची. तळाचा चुन्याचा गाळ विहिरीत टाकायचा नाही. त्यानंतर निदान एक तास पाणी भरू नये. रात्री टाकले तर सकाळपर्यंत काम होते. आपल्या दमट हवेत उघड्या पोत्यातल्या पावडरीचा जोर लवकर जातो, म्हणून ती कोरड्या, अंधाऱ्या जागी घट्ट झाकून ठेवावी लागते.

टीसीएल पुरेसे पडले की नाही ते ओटी टेस्टने कळते. पाण्यात औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळे झाले पाहिजे. पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. रंग आला नाही तर क्लोरीन कमी पडले, असे जलसुरक्षकाला सांगा.

घरात रोज करायच्या गोष्टी

• पावसाळ्यात आणि खालच्या विहिरीचे पाणी वापरताना पिण्याचे पाणी खळखळून उकळा. उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट राहू द्या. सरपण किंवा गॅस परवडत नसेल तर आशाताईंकडे क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या मागा आणि त्यावर लिहिलेल्या प्रमाणात वापरा.

• उकळलेले पाणी त्याच भांड्यात झाकून गार करा.

• माठ उंचावर, झाकून ठेवा. पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा किंवा तोटीचा माठ घ्या.

• कळशी-हंडा बाहेरून चकचकीत करतो तसा आतूनही रोज घासा.

• शौचानंतर, बाळाचे शी-शू काढल्यावर आणि जेवण करण्याआधी साबणाने हात धुवा. बाळाची शी गटारात किंवा विहिरीजवळ नको, शौचालयात टाका.

• विहिरीजवळ कपडे धुणे, गुरे धुणे, अंघोळ टाळा. कळशीचा दोर जमिनीवर लोळू देऊ नका.

एवढे करूनही कोणाला जुलाब लागलेच तर ओआरएसचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून घोट घोट द्या. तयार पाणी २४ तासांत संपवा, उरले तर टाकून द्या. तान्ह्याला अंगावरचे दूध चालूच ठेवा. लहान मुलांना १४ दिवस झिंकच्या गोळ्या देतात. त्या आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मिळतात, जुलाब थांबले तरी पूर्ण कराव्या. शौचात रक्त, सतत उलट्या, डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे, मूल मलूल पडणे किंवा पाणीही न पिणे, यातले काहीही दिसले तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. एकाच वेळी दोन-तीन घरांत जुलाब लागले तर तेही केंद्रात कळवा. साथ अशीच सुरू होते.

विद्यार्थी दारात आले तर

त्यांना बसवा, पाणी द्या आणि हे पाच प्रश्न विचारा:

१. हा प्रश्न तुम्ही का निवडला? आमचा प्रश्न घ्याल का?

२. आमची माहिती, फोटो कुठे जाणार? आम्ही नाही म्हणालो तर चालेल का?

३. निकाल आम्हाला केव्हा आणि कुठे सांगणार? तारीख द्या.

४. तपासणी आम्हाला, आमच्या मुलांना शिकवाल का?

५. काही वाईट निघाले तर पुढच्या पाठपुराव्याला आमच्याबरोबर याल का?

चांगले काम करणाऱ्या विद्यार्थ्याला हे प्रश्न टोचत नाहीत, त्याचे काम सोपे होते.

ग्रामपंचायतीत काय विचारावे

गावातल्या पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता पाहणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर होते आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल म्हणजे धोका जास्त. आपल्या ग्रामपंचायतीला कोणते कार्ड आहे, आणि पाहणीत आपल्या वाडीची विहीर धरली होती का, हे दोन्ही विचारा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या किमान पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचे प्रशिक्षण द्यायचे असते. त्या पाचांत आपल्या वाडीतली बाई आहे का? नसेल तर नाव द्या. टीसीएलचा साठा आणि ओटी टेस्टच्या नोंदी वहीत असतात, ती वही बघायला मागा.

आम्ही काय शिकलो

प्रयोगशाळेत आम्ही अनेक नमुने तपासले होते. त्यांचे पाणी कोणी प्यायलेले नव्हते. वाडीत जी बाटली काळी झाली ते पाणी आमच्या ओळखीची मुले रोज पीत होती. तेव्हापासून निकाल लिहिताना आमचा हात जास्त जपून चालतो.

आता त्या वाडीत बाटल्या बायकाच भरतात. पावसाच्या सुरुवातीला एकदा, दिवाळीच्या सुमारास एकदा आणि वरची विहीर आटल्यावर एकदा, असे त्यांनी ठरवले आहे. भिंतीवरचा तक्ता त्याच भरतात. लिहायला येत नाही म्हणून आजी बाटली उजेडात धरून रंग सांगते आणि तिची नात तो रकान्यात लिहिते. पुढची ग्रामसभा होण्याआधी तुमच्या वाडीतही एक बाटली भरा, आणि निकाल काहीही आला तरी तो तारखेसह विहाराच्या भिंतीवर लावा.